कुलपाच्या पोटात

१३ नोव्हेंबर २०१७, सोमवार. दुसरा शनिवार आणि रविवार अशी जोडून आलेली सुट्टी संपली आणि नवी मुंबईतल्या जुईनगरमध्ये बँक ऑफ बडोदाची शाखा उघडली. लॉकररूममध्ये कर्मचाऱ्यांना दिसले ते जमिनीला पडलेले भगदाड आणि फोडलेले लॉकर. २२५ लॉकरपैकी सुमारे ३० लॉकर चोरांनी रिकामे केले होते. काही महिने आधी त्यांनी त्याच इमारतीतला एक गाळा भाड्याने घेतला होता, तिथे जनरल स्टोअर थाटले होते आणि दुकानाच्या आडून जमिनीखाली बोगदा खणला होता. लॉकररूमचे दार आणि त्याचे कुलूप यांच्या वाटेला ते गेलेच नाहीत.

ही युक्ती फार जुनी आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकात शर्विलक नावाचा चोर चारुदत्ताच्या घरात शिरतो तो भिंतीला भोक पाडून. भोकाचा आकार कोणता असावा याचा तो शास्त्र्यासारखा विचार करतो आणि माप घ्यायला गळ्यातले जानवे वापरतो. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक ‘संगीत मृच्छकटिक’ म्हणून मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हापासून शर्विलक मराठी प्रेक्षकांच्याही ओळखीचा आहे. चारुदत्ताच्या घराची भिंत असो की जुईनगरमधली फरशी, चोराने दोन्ही ठिकाणी कुलूप टाळले.

मग कुलूप नेमके कशासाठी असते? ते कोणाला अडवते आणि किती वेळ? रोज सकाळी दार ओढून लोकल गाठणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही. ज्यांना पडतो, त्यांच्यातले काही जण एका वेगळ्याच छंदाकडे वळतात. त्याला जगभर लॉकपिकिंग म्हणतात. कुलूप न तोडता, न बिघडवता, त्याच्या किल्लीशिवाय, केवळ हाताच्या जाणिवेने उघडायचे. कुलूप स्वतःचे हवे किंवा मालकाची परवानगी हवी, ही या छंदातली पहिली अट.

दाराच्या लॅचची चावी उजेडात धरली तर तिच्या एका कडेला खाचा दिसतात. ऐरोली-घणसोलीकडून पारसिकची डोंगररांग दिसते तशी ती कडा दिसते: एक उंचवटा, एक दरी, पुन्हा एक लहान टेकडी. या उंचसखलपणातच कुलपाचे गुपित साठवलेले असते.

अशा कुलपाला पिन टंबलर म्हणतात. त्याच्या आत एक गोल गाभा असतो आणि तो बाहेरच्या कवचात फिरतो. चावी याच गाभ्यात जाते. कवच आणि गाभा या दोहोंना वरून खाली आरपार जाणारी भोके असतात, बहुधा पाच किंवा सहा. प्रत्येक भोकात दोन लहान पितळी पिना एकीवर एक ठेवलेल्या असतात आणि वरून एक स्प्रिंग त्यांना खाली दाबत असते. चावी नसते तेव्हा वरची पिन अर्धी कवचात आणि अर्धी गाभ्यात अडकते. दाराला अडसर घालावा तसा हा अडसर असतो. असे पाच अडसर असले की गाभा फिरत नाही.

योग्य चावी आत गेली की तिची प्रत्येक खाच आपापल्या पिनजोडीला नेमकी हवी तेवढीच उचलते. दोन पिनांमधली फट गाभा आणि कवच यांच्या सीमेवर येते. पाचही फटी एका रेषेत आल्या की अडसर उरत नाही आणि गाभा फिरतो. एक खाच जरी जास्त खोल किंवा जास्त उथळ असली तरी दार बंदच राहते. प्रत्येक खाचेची खोली सहा प्रकारची असू शकते असे धरले, तर पाच खाचांच्या कुलपासाठी कागदावर ७,७७६ वेगवेगळ्या चाव्या होतात.

सगळे इतके चोख असेल तर किल्लीशिवाय कुलूप उघडते कसे? कारखान्यात कोणतीही गोष्ट संपूर्ण अचूक बनत नाही, हे त्याचे उत्तर आहे. पाच भोके एका सरळ रेषेत पाडायची असतात, पण एखादे केसभर डावीकडे जाते, एखादे केसभर उजवीकडे. डोळ्याला हा फरक दिसत नाही. मात्र गाभ्यावर हलकासा वळवण्याचा जोर दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत. जिचे भोक सर्वांत जास्त सरकलेले असते, ती पिन आधी अडकते. ती अडकलेली पिन शोधायची आणि हळूच वर ढकलायची. फट सीमेवर आली की अगदी बारीक ‘टक्’ होते, गाभा किंचित सरकतो आणि दुसरी पिन अडकते. मग तिसरी, मग चौथी.

या कामाला दोन साधने लागतात. एक वाकवलेली पट्टी, टेन्शन रेंच, गाभ्यावर जोर देण्यासाठी. दुसरी पातळ टोकाची सळई, पिक, पिना उचलण्यासाठी. नवशिक्याची चूक जवळजवळ नेहमी पहिल्या साधनात होते. कुलूप उघडत नाही म्हणून तो जोर वाढवतो. जोर वाढला की सगळ्याच पिना करकचून अडकतात आणि बोटांना काहीच कळेनासे होते. फळबाजारात चिकू पिकला आहे का, हे पाहताना अंगठ्याने जेवढे दाबतात, तेवढ्याच हळुवारपणे येथे दाबावे लागते.

मिरजेतले तंबोरा बनवणारे कारागीर घोडीवर जवारी लावतात, तेव्हा थोडे घासायचे आणि कान देऊन ऐकायचे, पुन्हा थोडे घासायचे, असे चालते. कुलपावर शिकणाऱ्याचे कामही याच जातीचे आहे. डोळ्यांचा उपयोग थोडा, कानांचा त्याहून जास्त आणि बोटांचा सर्वांत जास्त. अनेक जण सरावाच्या वेळी डोळे मिटून घेतात, कारण पाहण्यासारखे तिथे काही नसतेच.

शिकण्याचा रस्ताही सरळ आहे. आधी जुने, निकामी झालेले सिलिंडर मिळवायचे. सुतार दाराचा लॅच बदलतो तेव्हा जुना लॅच बहुधा भंगारात जातो. तो मागून घ्यावा, खोलून पाहावा, पिना आणि स्प्रिंगा एका ताटात काढून मोजाव्यात. मग आत एकच पिनजोडी ठेवून कुलूप पुन्हा जोडावे आणि ते उघडावे. एक पिन जमली की दोन, दोन जमल्या की तीन. पाच पिनांचे कुलूप पहिल्याच दिवशी हातात घेणारा बहुधा कंटाळून सोडतो. एकेक पायरी चढणाऱ्याला मात्र आपण काय करत आहोत हे कळत जाते.

पुढची पायरी म्हणजे चकवणाऱ्या पिना. चांगल्या प्रतीच्या कुलपात वरच्या काही पिना सरळ दंडगोल नसतात, त्या रिळासारख्या मध्ये बारीक असतात. अशी पिन अडकली की गाभा एकदम बराच फिरतो आणि कुलूप उघडले असे वाटते. प्रत्यक्षात रिळाची कमर सीमेवर फसलेली असते. अशा वेळी जोर थोडा सोडून गाभा मागे येऊ द्यावा लागतो. चार पैसे जास्त घेऊन दुकानदार जे कुलूप देतो, त्यात ते पैसे कशाचे आहेत, हे इथे पहिल्यांदा समजते.

भारतात शिकणाऱ्याला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. परदेशी चित्रफितींमध्ये बहुतेक पिन टंबलर कुलपे दिसतात. आपल्याकडच्या दारांना लटकणारी कुलपे मात्र मोठ्या प्रमाणात लिव्हरची असतात. खोक्यावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे छापलेले असते. त्यांत पिनांऐवजी पातळ पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात आणि किल्ली प्रत्येक पट्टीला ठरावीक उंचीवर नेते. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये यात मोलाची सुधारणा केली. पट्टी कमी उचलली तरी कुलूप उघडत नाही आणि जास्त उचलली तरी उघडत नाही, अशी रचना त्याने केली. या कुलपांची साधने वेगळी असतात आणि सरावही वेगळा करावा लागतो.

कुलूप आणि ते उघडू पाहणारा माणूस यांची चुरस लंडनमध्ये सर्वांत रंगली. जोसेफ ब्रामाने १७८४ मध्ये आपल्या कुलपाचे पेटंट घेतले आणि पुढे पिकॅडिलीतल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले. ते किल्लीशिवाय उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. साठ वर्षांहून अधिक काळ ते कोणालाच उघडले नाही. ब्रामाची कुलपे इतकी बारीक कामाची होती की ती हाताने बनवणे परवडेना. त्यासाठी यंत्रे तयार करणारा त्याचा तरुण कारागीर हेन्री मॉड्स्ली पुढे यंत्रांची यंत्रे घडवणारा थोर अभियंता म्हणून नावाजला.

दुसरीकडे १८१७ मध्ये पोर्ट्समथच्या गोदीत चोरी झाली. फक्त त्याच्याच किल्लीने उघडेल असे कुलूप सरकारने मागितले. जेरेमाया चब याने १८१८ मध्ये ‘डिटेक्टर’ कुलूप आणले. कोणी चुकीच्या साधनाने छेडले की ते अडकून बसे आणि मालकाला आपोआप कळे.

१८५१ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. तिथे आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्स या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने चबचे कुलूप साक्षीदारांसमोर सुमारे २५ मिनिटांत उघडले. मग तो ब्रामाच्या कुलपाकडे वळला. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करून त्याने तेही उघडले. इंग्लंडमध्ये खळबळ उडाली. असे ज्ञान उघड करणे धोक्याचे आहे, असा सूर निघाला. १८५३ मध्ये चार्ल्स टॉमलिन्सन यांनी संपादित केलेल्या कुलपांवरील पुस्तकात त्याला उत्तर आले. चोरांना आपला धंदा आधीच ठाऊक असतो. कुलपातली उणीव लपवली तर अंधारात राहतो तो कुलूप विकत घेणारा प्रामाणिक माणूस, असा त्याचा मुद्दा होता. हॉब्सच्या पराक्रमानंतर कुलपे सुधारली. त्याच शतकात अमेरिकेतल्या लायनस येल पितापुत्रांनी पिन टंबलर कुलपाला आजचे रूप दिले. त्याचे मूळ मात्र प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपात आहे. तिथेही पिना उचलूनच दार उघडत असे.

पुढे हे कुतूहल छंदात उतरले. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामोसच्या अणुप्रकल्पात सहकाऱ्यांची कपाटे उघडून दाखवली, ती सुरक्षेतली ढिलाई लक्षात आणून देण्यासाठी. जर्मनीत १९९७ मध्ये कुलूप उघडण्याला खेळ मानणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि नेदरलँड्समध्ये ‘टूल’ ही संस्था उभी राहिली. अशा मंडळींच्या स्पर्धा होतात, नवी कुलपे तपासली जातात आणि दोष सापडला तर तो उत्पादकाला कळवला जातो.

मुंबईचाही या इतिहासात स्वतंत्र वाटा आहे. अर्देशीर गोदरेज वकिली शिकले, एका खटल्यासाठी झांजिबारला गेले आणि वकिली सोडून परत आले. शस्त्रक्रियेची साधने बनवण्याचा त्यांचा पहिला उद्योग बसला, कारण साधनांवर ती भारतात बनल्याचा शिक्का असावा हे ग्राहकाला मान्य नव्हते. १८९७ मध्ये त्यांनी लालबागमध्ये कुलपांचा कारखाना काढला. पुढे गोदरेजचे मोठे कारखाने विक्रोळीत, म्हणजे खाडीच्या त्या तीरावर, नवी मुंबईच्या समोरच उभे राहिले.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याच विक्रोळीत १२ लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बनल्या. एका पेटीची किंमत ५ रुपयांच्या आसपास ठेवायची होती आणि बाहेरून वेगळे कुलूप लावायचे तर ते या किमतीत बसेना. तेव्हा कारखान्यातल्या नथालाल पांचाल या कामगाराने पेटीच्या आतच बसणारी बंद करण्याची योजना सुचवली. देशातल्या कोट्यवधी लोकांनी पहिल्यांदा दिलेली मते या पेट्यांत जपली गेली.

कुलपाचे पोट वाचणारे लोक नवी मुंबईकरांना नवे नाहीत. स्टेशनबाहेर आणि बाजाराच्या कोपऱ्यावर चाव्यांचा झुबका टांगून बसलेला चावीवाला हे काम रोज करतो. चावी हरवली की तो एक कोरी चावी कुलपात घालतो, थोडी वळवतो, बाहेर काढून तिच्यावर उमटलेल्या पुसट खुणा पाहतो आणि तिथेच कानशीने घासतो. पुन्हा आत, पुन्हा बाहेर, पुन्हा कानस. पिनांनी स्वतःच आपल्या उंचीची साक्ष पितळावर लिहावी आणि त्याने ती वाचावी, असा हा प्रकार आहे. शिकणाऱ्याने अशा कारागिराशेजारी तासभर बसून पाहिले, तर पुस्तकात न सापडणारे बरेच हाती लागेल.

या छंदाचे दोन नियम जगभर पाळले जातात. जे कुलूप स्वतःचे नाही, ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचे नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, मग ते स्वतःच्या घराचे का असेना, त्यावर सराव करायचा नाही. दुसऱ्या नियमामागे व्यवहार आहे. पिना झिजतात, स्प्रिंग निसटते, गाभा अर्ध्यावर अडकतो आणि सगळे कुटुंब जिन्यात उभे राहते.

महाराष्ट्रात कायद्याचे भानही हवे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये गृहभेदनाची, म्हणजे घरफोडीची जी व्याख्या आहे, तीत घरात बेकायदा शिरण्यासाठी कुलूप उघडणे येते. कुलूप तुटलेच पाहिजे असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १२२ त्याहून जवळचे आहे. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचे साधन योग्य कारणाशिवाय जवळ आढळणे हा त्यानुसार गुन्हा आहे, आणि कारण योग्य असल्याचे पटवण्याची जबाबदारी ज्याच्याजवळ साधन सापडले त्याच्यावरच असते. म्हणून साधनांचा संच घरातच राहावा. तो कॉलेजच्या बॅगेत किंवा दुचाकीच्या डिकीत घेऊन फिरू नये. घरात मुले शिकत असतील तर पालकांनी शेजारी बसावे, आणि मित्रांत फुशारकी म्हणून कोणाच्या दाराला हात लावायचा नाही, हे आधी स्पष्ट सांगावे.

मग या साऱ्याचा सामान्य घराला उपयोग काय? बोटांनी कुलूप समजू लागले की दाराकडे पाहण्याची नजर बदलते. मराठी वर्तमानपत्रांत घरफोडीच्या बातमीत एक शब्दप्रयोग हमखास येतो: ‘कडी-कोयंडा उचकटून’. त्यात कुलपाचे नावच नसते. सात लिव्हरचे महागडे कुलूप अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी बसवलेल्या कोयंड्यात अडकवले, तर चोराचा सामना त्या स्क्रूंशी असतो. सिडकोच्या जुन्या इमारतींमध्ये दारांच्या चौकटी अनेक पावसाळे खाल्लेल्या आहेत. तिथे नवे कुलूप घेण्याआधी चौकटीचे लाकूड दाबून पाहावे, कोयंड्याला आरपार बोल्ट आहेत का ते पाहावे.

लॅचबाबतही तसेच. नुसते ओढून घेतलेले दार आणि चावी पूर्ण फिरवून बंद केलेले दार यांत मोठा फरक आहे. पहिल्यात स्प्रिंगवरची जीभ मागे सरकू शकते, दुसऱ्यात पोलादी बोल्ट जागचा हलत नाही. दळण आणायला पाच मिनिटे खाली जातानाही चावी फिरवण्याची सवय लागली, तर तिला पैसे पडत नाहीत.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शनिशिंगणापुरात घरांना दारे-कुलपे नसतात, ही ख्याती सगळ्यांना ठाऊक आहे. २०११ मध्ये तिथे युको बँकेने शाखा उघडली तेव्हा ‘कुलूप नसलेली बँक’ म्हणून तिची चर्चा झाली. त्या गावात दाराचे काम श्रद्धा आणि परस्परांची ओळख करते. नवी मुंबईच्या चौदा मजली इमारतीत समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहते हेही कित्येकदा माहीत नसते. तिथे कुलूप लागणारच. पण गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जाणे हे त्याच्या बरोबरीचे साधन आहे.

बँकेच्या लॉकरबाबत नियमही बदलले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२१ मधील निकालानंतर रिझर्व्ह बँकेने नवे निर्देश काढले आणि ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधील ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत राहते. लॉकरचे भाडे वर्षाला ३,००० रुपये असेल, तर ही मर्यादा ३ लाख रुपये होते. जुईनगरच्या प्रसंगानंतर लॉकर घेणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आपल्या दागिन्यांच्या किमतीशेजारी मांडून पाहायला हवा आणि कमी पडत असेल तर वेगळा विमा घ्यायला हवा.

या रविवारी तासभर काढावा. घरातल्या सगळ्या चाव्या टेबलावर मांडाव्यात, कोणती कोणत्या कुलपाची ते लिहावे, दाराचा कोयंडा हलवून पाहावा, त्याचे स्क्रू आखूड असतील तर जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून लांब बोल्ट आणून बसवावेत. आणि माळ्यावर एखादे जुने, वापरात नसलेले कुलूप सापडले, तर ते भंगारात टाकू नये. घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून ते खोलावे, आतल्या पिना किंवा पट्ट्या मोजाव्यात आणि किल्ली फिरते तेव्हा आत काय हलते, ते दोघांनी मिळून पाहावे.